तळ नसलेला वाडगा : एका लोकप्रिय पुस्तकाची उलटतपासणी

नववीच्या वर्गात पोषणाचा भाग शिकवताना मी बरीच वर्षे एक गोष्ट सांगत आलो. अमेरिकेतल्या शिकागो शहरात एका चित्रपटगृहात दुपारच्या खेळाला आलेल्या प्रेक्षकांना पॉपकॉर्न फुकट वाटले. काहींना मोठा डबा, काहींना त्याहूनही मोठा. पॉपकॉर्न होते पाच दिवसांपूर्वीचे, वातड झालेले. खेळ संपल्यावर डबे परत घेऊन वजन केले, तेव्हा ज्यांचा डबा जास्त मोठा, त्यांनी सरासरी ५३ टक्के जास्त खाल्ले होते असे आढळले. मुले हसत. मग मी फळ्यावर लिहीत असे, 'आपण पोटाने नव्हे, डोळ्यांनी जेवतो', आणि घरी लहान ताटली वापरण्याचा सल्ला देऊन तास संपवत असे.

ही गोष्ट मी घेतली होती ब्रायन वॉन्सिंक यांच्या 'माइंडलेस ईटिंग' या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातून. नावाचा अर्थ 'बेभान खाणे' असा करता येईल. पुस्तक अतिशय वाचनीय आहे आणि अनेक शिक्षकांनी, आहारतज्ज्ञांनी व वर्तमानपत्रांतल्या सदरलेखकांनी त्यातील उदाहरणे वापरली आहेत. परंतु पुस्तकाच्या प्रकाशनानंतर बारा वर्षांनी त्याच्या लेखकावर जी वेळ आली, तिच्यामुळे हे पुस्तक पुन्हा नव्याने वाचणे भाग आहे. त्यातले काय टिकले, काय गळून पडले आणि काय त्यात मुळातच नव्हते, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

पुस्तक काय म्हणते?

वॉन्सिंक हे ग्राहकांच्या वर्तनाचे अभ्यासक. कॉर्नेल विद्यापीठात त्यांची 'फूड अँड ब्रँड लॅब' नावाची प्रयोगशाळा होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: माणूस जास्त खातो ते भूक लागली म्हणून नव्हे, किंवा अन्न फार चविष्ट आहे म्हणूनही नव्हे. तो खातो ते भोवतालच्या खुणांमुळे. ताटलीचा आकार, पाकिटाचा आकार, डबा हाताशी आहे की फडताळात, शेजारी कोण बसले आहे, समोर दूरदर्शन चालू आहे का, या गोष्टी आपल्या नकळत हाताला पुढे ढकलतात. दिवसभरात खाण्याविषयी आपण दोनशेहून जास्त निर्णय घेतो आणि त्यांतले बहुतेक आपल्या ध्यानातही येत नाहीत, असे ते सांगतात.

यावर त्यांचा उपाय वेगळा आहे. आज 'सजग आहार' म्हणून जे सांगितले जाते, म्हणजे हळू खा, प्रत्येक घासाकडे लक्ष द्या, पोट भरल्याची जाणीव ओळखा, ते सामान्य माणसाला रोज जमणार नाही असे त्यांना वाटते. त्याऐवजी ताटली लहान करा, बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर ठेवा, म्हणजे नकळत जास्त खाणारा माणूस नकळतच कमी खाऊ लागेल. दिवसाला शंभर-दोनशे किलोकॅलरींचा फरक शरीराला कळतही नाही, पण वर्षाअखेर वजनात दिसतो, हे त्यांचे मुख्य गणित.

पुस्तकाचा एक गुण मान्य केला पाहिजे. ते खाणाऱ्याला दोष देत नाही. जाड माणूस म्हणजे आळशी, हावरा, मनाचा दुबळा, अशी जी समजूत समाजात आहे आणि दुर्दैवाने वर्गातही आहे, तिला हे पुस्तक छेद देते. म्हणूनच ते मला आवडले होते.

कसे उघडकीस आले?

नोव्हेंबर २०१६ मध्ये वॉन्सिंक यांनी स्वतःच इंटरनेटवर एक टिपण लिहिले. त्यांच्याकडे परदेशातून एक विद्यार्थिनी आली होती. एका इटालियन उपाहारगृहात पोटभर जेवणाचा एक प्रयोग झाला होता, पण त्यातून अपेक्षित निष्कर्ष निघाला नव्हता. ती माहिती तिच्या हाती देऊन, यातून काहीतरी निघायलाच हवे, असे त्यांनी सुचवले. तिने चिकाटीने आकडे तपासले आणि त्यातून चार शोधनिबंध निघाले. लेखकाने हे कौतुकाने सांगितले होते. वाचणाऱ्या शास्त्रज्ञांना मात्र धक्का बसला.

धक्का का बसावा, हे वर्गात सहज दाखवता येते. चाळीस विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच वेळा नाणे उडवायला सांगा. पाचही वेळा छापा पडण्याची शक्यता बत्तीसात एक. म्हणजे चाळीसांच्या वर्गात असा एखादा विद्यार्थी निघण्याची शक्यता ७० टक्क्यांहून जास्त आहे. तो निघाला, की त्याच्याकडे पाहून म्हणा, 'हा खिडकीशी बसतो, म्हणजे खिडकीशी बसल्याने छापा पडतो.' मुले हसतील. परंतु जमलेली माहिती आधी उलथीपालथी करायची, एखादा चमत्कारिक योगायोग सापडला की मग त्याला शोभेल असे गृहीतक मागाहून जोडायचे, ही पद्धत याहून वेगळी नाही. वीस निरनिराळ्या तुलना केल्या, तर त्यांतली एखादी केवळ योगायोगाने 'संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय' ठरण्याची शक्यता ६४ टक्के असते. गृहीतक आधी आणि आकडे नंतर, हा क्रम आपण आठवीपासून शिकवतो. तो शिष्टाचार म्हणून शिकवायचा नसून त्याला असे कारण आहे.

यानंतर टिम व्हॅन डर झी, जॉर्डन अनाया आणि निक ब्राऊन या तिघांनी ते चार निबंध तपासले. जानेवारी २०१७ मध्ये त्यांनी जाहीर केले, की चार निबंधांत मिळून सुमारे दीडशे विसंगती आहेत. त्यांच्याकडे मूळ माहिती नव्हती. त्यांनी वापरलेले एक साधन तर सातवीच्या मुलालाही समजावे इतके सोपे आहे. दहा जणांनी पूर्णांकात उत्तरे दिली असतील, तर त्यांची सरासरी ३.१, ३.२ अशीच येऊ शकते. कोणी ३.१७ छापली असेल तर ती अशक्य आहे. एकतर माणसे दहा नव्हती, नाहीतर बेरीज चुकली, नाहीतर आणखी काही. भागाकार येणाऱ्या कोणालाही अशी तपासणी करता येते, ही गोष्ट शिक्षकाला आनंद देणारी आहे. दुःखाची गोष्ट अशी, की मूळ निबंध छापण्यापूर्वी ती कोणी केली नाही.

पुढे जुने निबंधही तपासले जाऊ लागले. त्यातला एक आपल्याशी थेट संबंधित आहे. सफरचंदावर मुलांच्या आवडत्या एल्मो या पात्राचे चित्र चिकटवले, तर मुले बिस्किटाऐवजी सफरचंद उचलतात, असा दावा २०१२ साली केला होता. प्रयोगातली मुले आठ ते अकरा वर्षांची, शाळेत जाणारी, असे निबंधात लिहिले होते. निबंधावर शंका आल्या, तेव्हा २०१७ मध्ये तो मागे घेऊन दुरुस्त केलेला निबंध छापला. मग लक्षात आले, की मुले तीन ते पाच वर्षांची, पाळणाघरातली होती. तेव्हा दुरुस्त केलेला निबंधही मागे घ्यावा लागला. तीन वर्षांचे मूल आणि अकरा वर्षांचे मूल यांतला फरक ज्या संशोधनात हरवतो, त्याच्या आधारे शाळांना सल्ले दिले जात होते. याच चमूने पुरस्कारलेली 'स्मार्टर लंचरूम्स' ही योजना अमेरिकेतल्या हजारो शाळांनी स्वीकारली होती.

सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांनी वॉन्सिंक यांचे सहा निबंध एकदम मागे घेतले. वाढण्याचे भांडे मोठे असले की जास्त खाल्ले जाते, उपाशीपोटी बाजारहाट केली की जास्त उष्मांकांचे पदार्थ घेतले जातात, हे प्रसिद्ध निष्कर्ष त्यांत होते. मूळ नोंदीच उपलब्ध नसल्यामुळे निष्कर्षांची खात्री देता येत नाही, असे विद्यापीठाने कळवले होते. विद्यापीठाच्या चौकशीत माहिती चुकीची मांडणे, सदोष संख्याशास्त्रीय पद्धती वापरणे, नोंदी न जपणे असे दोष आढळले. वॉन्सिंक यांनी राजीनामा दिला आणि जून २०१९ मध्ये ते विद्यापीठातून गेले. हेतुपुरस्सर फसवणूक केल्याचे मात्र त्यांनी नाकारले.

मग वाडग्याचे काय?

येथवर वाचून पुस्तक रद्दीत टाकावे असे वाटेल. मलाही वाटले होते. परंतु तसे करणे हीदेखील घाईच ठरेल.

पुस्तकातला सर्वांत गाजलेला प्रयोग तळ नसलेल्या वाडग्याचा. टेबलाखालून नळी जोडून काही वाडग्यांत सूप हळूहळू आपोआप भरत राहील अशी सोय केली होती. खाणाऱ्याला याची कल्पना नव्हती. २००५ साली छापलेल्या या प्रयोगात ५४ माणसे होती. भरत राहणाऱ्या वाडग्यातून खाणाऱ्यांनी ७३ टक्के जास्त सूप प्यायले, पण आपण जास्त प्यायलो असे त्यांना वाटले नाही.

लेखकावरचा विश्वास उडाल्यावर दुसऱ्या संशोधकांनी हाच प्रयोग ४६४ माणसांवर पुन्हा केला. काय मोजायचे आणि कसे, हे त्यांनी आधीच जाहीर करून ठेवले होते. निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाला: परिणाम खरा आहे, परंतु पहिल्यापेक्षा जवळजवळ निम्मा. जास्त प्यायल्याचे या वेळीही लोकांना कळले नव्हते.

हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. बेभरवशाच्या माणसाने सांगितलेली गोष्टही खरी असू शकते. पण ती खरी आहे हे त्याच्या सांगण्यावरून ठरत नाही, दुसऱ्याने करून पाहिल्यावरून ठरते.

आपल्याकडच्या वाचकाला या वाडग्याची कल्पना यायला नळीची गरज नाही. लग्नाच्या पंगतीत आमटीची वाटी कधी रिकामी दिसत नाही. वाढपी फिरत असतो, 'नको नको' म्हणेपर्यंत डाव पडलेला असतो. आपण किती वाट्या घेतल्या हे हात धुताना कोणालाही सांगता येत नाही. हा काही पुरावा नव्हे, पण अनुभव ओळखीचा आहे.

वाढलेले प्रमाण जास्त असले की खाणे वाढते, हेही इतरांनी स्वतंत्रपणे दाखवले आहे. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी २००२ साली मॅकरोनी-चीजचे चार वेगवेगळे वाढप दिले, ५०० ग्रॅमपासून १००० ग्रॅमपर्यंत. सर्वांत मोठ्या वाढपाच्या वेळी लोकांनी सर्वांत लहान वाढपापेक्षा ३० टक्के जास्त ऊर्जा घेतली, आणि वाढप बदलल्याचे निम्म्याहून कमी जणांच्या लक्षात आले. लहान ताटलीचा उपाय मात्र इतका भक्कम नाही. केवळ ताटली बदलून केलेल्या प्रयोगांचे निकाल एकसारखे आलेले नाहीत.

'दोनशे निर्णयां'चा आकडाही डळमळीत आहे. लोकांना आधी विचारले, दिवसात खाण्याविषयी किती निर्णय घेता? उत्तर आले सरासरी चौदा. मग प्रत्येक जेवणाबद्दल केव्हा, काय, किती, कुठे, कोणाबरोबर असे सुटे प्रश्न विचारून सगळ्यांची बेरीज केली, ती सव्वादोनशेच्या घरात गेली. या दोन आकड्यांतल्या फरकाला लेखकाने 'नकळत घेतलेले निर्णय' म्हटले. पण कोणत्याही गोष्टीचे तुकडे करून विचारले की बेरीज फुगते. २०२५ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी हाच आक्षेप घेतला. वर्गात 'आज सकाळपासून किती निर्णय घेतलेत?' असे विचारून, नंतर सुटे प्रश्न विचारून पाहा. मोजमापाची पद्धत उत्तर कसे घडवते, हे एका तासात कळते.

शंभर किलोकॅलरींचे गणित

पुस्तकाचे मुख्य गणित असे: ३५०० किलोकॅलरी म्हणजे एक पौंड चरबी. रोज १०० कमी केल्या तर वर्षात ३६,५०० कमी, म्हणजे दहा पौंडांहून थोडे जास्त, सुमारे पावणेपाच किलो. भागाकार बरोबर आहे. पण तोच पुढे चालवून पाहा. सत्तर किलोचा माणूस रोज शंभर किलोकॅलरी कमी खात राहिला, तर पंधरा वर्षांत त्याचे वजन शून्य होईल!

चूक कोठे आहे? वजन घटले की शरीराचा खर्चही घटतो. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ साली याचे गणित मांडले. त्यानुसार रोजचे शंभर किलोकॅलरी कायम कमी केल्यास शेवटी सुमारे चार किलो वजन घटते. त्यातले निम्मे पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सगळे तीन वर्षांत. पुढे वजन स्थिर राहते.

शिवाय शरीर गप्प बसत नाही. १९९४ साली शोधलेले लेप्टिन हे संप्रेरक चरबीच्या पेशींतून निघते आणि साठा किती आहे हे मेंदूला कळवते. १९९९ साली शोधलेले घ्रेलिन जठरातून निघते व भूक वाढवते. चरबी घटली की लेप्टिन घटते आणि भूक जोर करते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ स्वयंसेवक तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे पावपट घटले. पुन्हा अन्न मिळू लागल्यावर त्यांतले अनेकजण पोट तुडुंब भरूनही तृप्त होत नव्हते. म्हणजे जास्त खाण्याचे एक कारण उपासमार हेही आहे. डायटच्या नावाखाली सकाळचे जेवण टाळणाऱ्या आणि संध्याकाळी फराळाचा डबा रिकामा करणाऱ्या मुलींना हे सांगितले पाहिजे. तो हावरेपणा नसतो.

आठवणीचाही यात वाटा आहे. १९९८ साली पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या दोन रुग्णांना जेवण दिले आणि थोड्याच वेळाने पुन्हा ताट पुढे केले. आपण जेवलो हे त्यांना आठवत नव्हते. त्यांनी दुसरे जेवणही घेतले आणि बहुधा तिसऱ्यालाही सुरुवात केली. 'जेवताना लक्ष द्या' या जुन्या सांगण्यात तथ्य असलेच तर ते येथे आहे. लक्ष न देता खाल्लेले नीट आठवत नाही, आणि न आठवणारे खाणे पुढच्या खाण्याला अडवत नाही. मात्र सजगतेने वजन हमखास उतरते, असे म्हणण्याइतका पुरावा नाही. अनावर खाण्याचे झटके येणाऱ्यांना तिचा उपयोग झालेला आहे, इतपतच म्हणता येते.

पुस्तकात नसलेली गोष्ट

माझ्या मते पुस्तकाची सर्वांत मोठी उणीव चुकीच्या आकड्यांची नाही. ते भांड्याविषयी खूप बोलते आणि भांड्यातल्या पदार्थाविषयी फार कमी.

हॉल यांनीच २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस माणसांना चार आठवडे रुग्णालयात ठेवले. दोन आठवडे कारखान्यात बनलेले अतिप्रक्रियायुक्त अन्न, दोन आठवडे साधे, ताजे अन्न. समोर मांडलेल्या अन्नातले उष्मांक, साखर, मेद, मीठ आणि तंतू सारखे ठेवले होते, आणि हवे तेवढे खा असे सांगितले होते. अतिप्रक्रियायुक्त अन्नाच्या काळात तीच माणसे रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होती, भराभर खात होती, आणि त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. साध्या अन्नावर ते तेवढेच घटले. माणसे थोडी होती आणि काळ लहान होता, हे खरे. परंतु येथे प्रत्येक घास मोजलेला होता.

हा फरक शिक्षकांना महत्त्वाचा का? कारण उपाय कोठे शोधायचा हे त्यावर ठरते. दोष ताटलीचा असेल तर तो घरातल्या बाईने ताटली बदलून सुटतो. दोष पदार्थाचा आणि तो दारोदारी पाच-दहा रुपयांच्या पाकिटात पोचवणाऱ्या व्यवस्थेचा असेल, तर शाळेच्या फाटकासमोर काय विकले जाते, पाकिटावर काय छापले पाहिजे, जाहिरात कोणासाठी केली जाते, हे प्रश्न विचारावे लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळजवळ २३ टक्के पुरुष अतिवजनाचे होते. त्याच पाहणीत जवळजवळ १९ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या होत्या. एकाच वर्गात दोन्ही घरांतली मुले बसतात. त्यांना 'कमी खा' असा एकच सल्ला देता येत नाही.

मग हे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात ठेवावे का? मी म्हणेन, जरूर ठेवावे, पण आत एक कागद चिकटवून. त्यावर मागे घेतलेल्या निबंधांची हकीकत असावी, ४६४ माणसांवर पुन्हा केलेला वाडग्याचा प्रयोग असावा आणि वीस माणसांचा रुग्णालयातला प्रयोगही असावा. विद्यार्थ्यांनी दोन्ही वाचावे.

यंदा नववीच्या वर्गात मी पॉपकॉर्नची गोष्ट पुन्हा सांगितली. मुले हसली. मग पुढची हकीकत सांगितली आणि आधीच्या वर्षांच्या मुलांना मी ती अर्धीच सांगितली होती, हेही कबूल केले. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, मग आत्ता जे सांगितलंत ते तरी बरोबर आहे हे कशावरून?" मी तिला नाण्यांचा प्रयोग फळ्याशी येऊन करायला सांगितला. फळ्यावर आता ते जुने वाक्य मी लिहीत नाही.